मधला स्पीकर

अप्पांनी आयुष्याची 31 वर्षे सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांच्या खडखडाटात काढली, आणि त्या खडखडाटाने त्यांच्या कानांतून नेमके काय हिरावून नेले, हे मला आमच्या हॉलसाठी होम थिएटरचे स्पीकर निवडताना नीट कळले. सततच्या मोठ्या आवाजामुळे येणारे बहिरेपण सगळे आवाज सारखेच कमी करत नाही. बहुधा 4000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4000 कंपनांच्या, आसपासची श्रवणशक्ती आधी जाते आणि खालचा भाग पुष्कळसा शाबूत राहतो. बोलण्यातील स्वर खालच्या भागात असतात, तर स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग बराचसा 2000 हर्ट्झच्या वर असतो. त्यामुळे अप्पांना कोणीतरी बोलत आहे हे ऐकू येते, पण 'साठ' म्हटले की 'आठ' याची खात्री नसते. टीव्हीचा आवाज वाढवला तर संवादांच्या आधी गाड्यांचे आणि ढोल-ताशांचे आवाज वाढतात, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते.

म्हणून या वेळी मी ठरवले की निवडीची सुरुवात मधल्या स्पीकरपासून करायची. 5.1 या रचनेत पुढे डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, श्रोत्यांच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे दोन सराउंड, आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो; त्या आकड्यातील '.1' म्हणजे साधारण 120 हर्ट्झपर्यंतच्याच आवाजाची वेगळी वाहिनी होय. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. असे असूनही दुकानांत बोलणे सुरू होते ते सबवूफरच्या धडधडीपासून, आणि मधला स्पीकर शेवटी, उरलेल्या पैशांत, 'हा घ्या की सर, चालून जातो' असे म्हणून पुढे सरकवला जातो.

मीही पहिल्यांदा तसाच तो घेतला होता. गाणी ऐकण्यासाठी आणलेली बुकशेल्फ स्पीकरची, म्हणजे फळीवर मावतील अशा छोट्या स्पीकरची, एक जुनी जोडी घरात होतीच. तिला दुसऱ्या कंपनीचा, चांगले नाव असलेला, आडवा मधला स्पीकर जोडला. दोन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम होत्या. तरीही पडद्यावरचा एखादा माणूस बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेला की मध्यावर पोहोचताच त्याला सर्दी झाल्यासारखे वाटे आणि पलीकडे गेल्यावर ती बरी होई. जुन्या जोडीचे ट्वीटर, म्हणजे खोक्यातील उंच आवाज काढणारे छोटे भाग, रेशमी घुमटाचे होते, नव्याचा घुमट धातूचा होता. पण केवळ साहित्यामुळे हे घडते असे नाही. खालचा आवाज काढणारा वूफर कोणत्या कंपनसंख्येवर थांबतो आणि ट्वीटर कुठे सुरू होतो, आवाज बाजूंना किती पसरतो, खोक्याचा स्वतःचा नाद किती, या सगळ्यांतून स्पीकरचा पोत ठरतो. तो पोत तिन्ही पुढच्या स्पीकरांचा एकच असला पाहिजे. रिसीव्हरमधील (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातील) 'शू' असा चाचणीचा आवाज एकेका स्पीकरमधून फिरवला की हा फरक लपत नाही: डावीकडे पावसाची सर आणि मध्ये प्रेशर कुकरची वाफ, इतके वेगळे ते ऐकू येत होते. आवाजाची पातळी सारखी केल्याने हे दुखणे बरे होत नाही.

दुसरा दोष मला स्वतःला कधी ऐकू आला नसता, कारण मी सोफ्याच्या मधोमध बसतो. अप्पांची वेताची खुर्ची डाव्या भिंतीला लागून, टीव्हीच्या भिंतीपासून सुमारे 8 फुटांवर असते, आणि ती तिथून हलवण्याचा विषय आमच्या घरात काढायचा नसतो. मधल्या स्पीकरच्या अक्षापासून ती खुर्ची जवळजवळ 30 अंश बाजूला पडते. आडव्या मधल्या स्पीकरमध्ये बहुधा ट्वीटरच्या दोन बाजूंना दोन वूफर असतात आणि दोन्ही तोच आवाज काढतात. समोर बसणाऱ्यापर्यंत तो एकाच वेळी पोहोचतो, पण बाजूला बसणाऱ्याला एक वूफर जवळ आणि दुसरा लांब पडतो. माझ्या स्पीकरमधील दोन वूफरांच्या केंद्रांत 30 सेंटीमीटर अंतर होते. 30 अंशांच्या कोनात त्या दोन आवाजांच्या वाटांत 15 सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि सुमारे 1150 हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी नेमकी तेवढीच असते. म्हणजे त्या पट्ट्यात एका वूफरची लाट चढत असताना दुसऱ्याची उतरते आणि दोन्ही मिळून एकमेकांना खाऊन टाकतात. हा पट्टा बोलण्याच्या ऐन मध्यातला आहे. मागांनी अप्पांचा वरचा भाग आधीच नेला होता. उरलेल्यातला हा तुकडा मी पैसे मोजून काढून घेतला होता.

याला उपाय दोन आहेत. एक, ज्याच्या मध्यभागी ट्वीटर आणि मध्यम आवाजाचा छोटा स्पीकर एकावर एक बसवलेले असतात आणि दोन बाजूंचे वूफर फक्त खालचा आवाज काढतात, असा तीन मार्गी मधला स्पीकर घेणे. तो चांगला असतो आणि महागही असतो. दुसरा उपाय साधा व थोडा बेंगरूळ आहे: डावा, मधला आणि उजवा असे तिन्ही स्पीकर एकाच नमुन्याचे घ्यायचे आणि तिन्ही उभेच ठेवायचे. उभ्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर एकाच उभ्या रेषेत असल्यामुळे बाजूला बसणाऱ्याला असा खड्डा पडत नाही, आणि पोत जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. मी दुसरा उपाय निवडला. नवी पेठेतील दुकानदाराने मात्र शांतपणे सांगितले की बुकशेल्फ स्पीकर जोडीनेच मिळतात, सुटा एक मिळत नाही. तीन हवेत तर चार घ्यावे लागतात.

त्याआधी निवड करायची होती, आणि ती कशी केली हे सांगितले पाहिजे, कारण मला ही युक्ती फार उपयोगी पडली. दुकानातील प्रात्यक्षिकाच्या ध्वनिमुद्रणावर कोणताही स्पीकर भव्यच वाटतो; ते त्यासाठीच निवडलेले असते. मी अप्पांना वर्तमानपत्रातील अर्धा स्तंभ मोठ्याने वाचायला लावला, तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि दुकानात प्रत्येक स्पीकरवर तोच वाजवला. मोबाइलच्या माइकचे दोष सगळीकडे सारखेच येतात, त्यामुळे तुलना बिघडत नाही. आणि ज्या माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो, तो कुठे पिंपात बसून बोलतो आहे आणि कुठे शेजारी बसून, हे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. पहिल्या ऐकण्यात सर्वांत 'स्पष्ट' वाटलेला स्पीकर मी नाकारला, कारण त्याने अप्पांच्या प्रत्येक 'स'ला शिट्टी जोडली होती. दोन मिनिटे ती चमक बरी वाटते, दोन तास सहन होत नाही.

वॅटच्या आकड्यांबद्दल थोडे लिहितो, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे होतो. खोक्यावर हजारोंच्या घरात छापलेला 'पीएमपीओ' हा फुगवलेल्या कमाल शक्तीचा आकडा सरळ विसरावा. पाहायची ती संवेदनशीलता: 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. माझे स्पीकर 86 डेसिबलचे आहेत. सोफा त्यांच्यापासून 11 फुटांवर, म्हणजे सुमारे 3.35 मीटरवर आहे. मोकळ्या जागेच्या हिशेबाने तेवढ्या अंतरात साधारण साडेदहा डेसिबल कमी होतात, म्हणजे एका वॅटमध्ये सोफ्यावर जवळजवळ 75 डेसिबल मिळतात, आणि घरी चित्रपट पाहताना सरासरी एवढा आवाज भरपूर होतो. रोजचे काम एका वॅटचे. पण चित्रपटातील क्षणिक उसळ्या सरासरीच्या 20 डेसिबल वर जाऊ शकतात आणि 20 डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. खोलीच्या भिंती थोडी मदत करतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी पुरते. त्याच जागी 89 डेसिबलचा स्पीकर असता तर अर्धीच शक्ती लागली असती. रिसीव्हरच्या माहितीपत्रकातील वॅट बहुधा दोनच वाहिन्या चालू असतानाचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय 4 ओमचे, म्हणजे कमी रोधाचे, स्पीकर रिसीव्हरकडून जास्त प्रवाह ओढतात आणि तो जास्त तापतो. मे महिन्यात पारा 42 अंशांवर असताना बंद कपाटात कोंबलेला रिसीव्हर मध्यंतराआधीच स्वतःला बंद करून घेतो, हा माझा जुना अनुभव आहे. आता 8 ओमचे स्पीकर आहेत आणि रिसीव्हर उघड्या फळीवर, वर वीतभर जागा सोडून ठेवला आहे.

खोलीबद्दल. आमचा हॉल 16 फूट लांब आणि 11 फूट रुंद, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला मोठी काचेची खिडकी. मध्ये उभे राहून टाळी वाजवली की तिच्यामागून बारीक झणत्कार येई, आणि तो झणत्कार व्यंजनांवर बसला की अप्पांच्या दृष्टीने वाक्य संपलेच. सोलापुरात राहून यावर पहिला विचार कोणाचाही एकच असेल. मी अप्पांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर जेकार्डची एक जाड चादर, भिंतीपासून चार बोटे पुढे, चुण्या पाडून टांगली आणि टाइल्सवर सतरंजी अंथरली; झणत्कार गेला. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण भौतिकशास्त्रातून सूट नाही. तिने वरचे आवाज शोषले जातात. खर्जाला ती दिसतही नाही. 35 हर्ट्झची लाट जवळजवळ 10 मीटर लांब असते, तिला काही मिलिमीटर जाडीचे सूत काय अडवणार?

नेमकी हीच 35 हर्ट्झची लाट आमच्या हॉलच्या लांबीत अर्धी बसते आणि म्हणून तिथे घुमते. रुंदीत 51 हर्ट्झची घुमते. (उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि हे आकडे हर्ट्झ-दोन हर्ट्झने वर सरकतात, पण तेवढ्यासाठी कोणी झोप घालवू नये.) अशा लाटांचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज फुगलेला आणि चिखलासारखा ऐकू येई. सोफा तीन फूट पुढे ओढला, एवढ्यानेच निम्मे काम झाले. सबवूफरची जागा शोधण्यासाठी तो उचलून चक्क सोफ्यावर ठेवला, एक खर्जातील धून लावली आणि मी भिंतीच्या कडेकडेने रांगत जिथे खर्ज सर्वांत सपाट ऐकू येतो ती जागा शोधली. आपण बसतो तिथे सबवूफर आणि सबवूफरच्या जागी आपला कान, अशी ही अदलाबदल चालते. आईने ते पाहिले आणि काही विचारले नाही. जागा सापडली ती पुढच्या भिंतीच्या एक तृतीयांशावर, कोपऱ्यात नव्हे.

बाकीची जुळवणी लवकर झाली. डावा आणि उजवा स्पीकर 9 फूट अंतरावर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मधल्या उभ्या स्पीकरसाठी टीव्ही भिंतीवर पाच इंच वर घ्यावा लागला. तो स्पीकर ठेंगण्या तिपाईवर आहे आणि खाली लाकडी पाचर देऊन किंचित वर, कानांकडे, रोखला आहे. जुनी जोडी सराउंडला गेली, कारण तिथे पोत थोडा वेगळा असला तरी फारसे बिघडत नाही. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज सगळ्या स्पीकरांकडून काढून सबवूफरकडे दिला. तारेसाठी घरगुती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. पाच-सहा मीटरसाठी तिचा रोध आठ ओमांपुढे नगण्य असतो, आणि पाच आकडी किमतीची तार हॉलमध्ये आणून ती चादरीखाली लपवण्यात मला रस नव्हता. रिसीव्हरचा आवाज जुळवण्याचा माइक हातात न धरता तिपाईवर ठेवून मोजमापे घेतली, त्यांतील एक अप्पांच्या खुर्चीवर. नंतर मधल्या स्पीकरची पातळी हाताने 2 डेसिबल वाढवली. यंत्राला अप्पांचे कान माहीत नाहीत.

परवा रात्री एक जुना मराठी चित्रपट लावला होता. अप्पा अर्धा तास काही बोलले नाहीत, मग पडद्यावरच्या सावकाराने कर्जाचा आकडा सांगितला तेव्हा आईकडे वळून म्हणाले, "साठ म्हणाला. आठ नाही." चौथा स्पीकर त्याच्या खोक्यात, एका जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.