आज शाळा नाही व्हय?

मंगळवारी सकाळी अकरा वाजता लक्ष्मी मार्केटमधे पंधरा वर्षांची पोरगी कोथिंबिरीची पेंडी घेताना दिसली की अख्ख्या मिरजेला एकच प्रश्न पडतो. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, आमच्याच बिल्डिंगचे वॉचमन, सगळे. "काय गं, आज शाळा न्हाई व्हय?" सुरुवातीला मी "सुट्टी आहे" म्हणून सुटायचे, पण रोज रोज कसली सुट्टी सांगणार, एकदा तर घाईत "महावीर जयंती" म्हणून गेले, ऑगस्टमधे.

तर हो, मी शाळा सोडली. आठवीनंतर. नापास वगैरे नव्हते, मारामारी नाही, घरची परिस्थितीही नाही (हे तिन्ही अंदाज नातेवाईकांनी आमच्या तोंडावर बोलून दाखवलेत). कारण एकच, मी बोलताना अडखळते. माझा नंबर एकतीस. हजेरी पंचविसाव्या नंबरवर आली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण "हजर" मधला ह माझ्याच्याने सुटतच नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या वतीने "ह-ह-हजर" करायचं आणि वर्ग हसायचा. मी "यस मॅडम" करून बघितलं, तर य सुद्धा अडकायला लागला. बाई वाईट नव्हत्या, खरंच नव्हत्या, पण वर्गात अठ्ठावन्न पोरं आणि पस्तीस मिनिटांचा तास, त्यात माझी एक कविता संपायची वाट कोण बघणार. "राहू दे, बस खाली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आई जेवताना "राहू दे, मी वाढते" म्हणाली तरी मला कसंतरी व्हायचं.

दाखला काढायला गेलो तेव्हाची गंमत सांगते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. क्लार्क सरांनी पेन धरून विचारलं, आता कुठल्या शाळेत घालताय? बाबा म्हणाले, घरी. सरांनी पेन खाली ठेवलं. मग चहा झाला, दोन फोन झाले आणि शेवटी लिहिलं 'पालकांच्या विनंतीवरून', संपला विषय. जूनमधे शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करत एक शिक्षिका घरी आल्या तेव्हा आजीला वाटलं आता पोलीसच येणार. पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि मला चौदा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, त्यांनी जन्मतारीख बघितली आणि "मग ही आमच्या यादीत येत नाही" म्हणून पोहे खाऊन गेल्या.

परीक्षेचं काय, हा दुसरा प्रश्न. सतरा नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म, आधी डोक्यात होता, पण परीक्षा शेवटी स्टेट बोर्डाचीच, आणि आपल्या बोर्डात भाषेला ८० लेखी आणि २० तोंडी. त्या वीस मार्कांसाठीच तर सगळं रामायण झालेलं! मग एनआयओएस सापडलं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. चौदा पूर्ण असलं की दहावीला बसता येतं, नववी गुल, पाच विषय आपण निवडायचे, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि तोंडीच्या जागी टीएमए म्हणजे घरी लिहायच्या असाइनमेंट. आजीला हे सगळं फ्रॉड वाटत होतं, केंद्र सरकारचं आहे आणि १९८९ पासून चालू आहे असं दाखवल्यावर ती म्हणाली "मग आधी का नाही सांगितलं." मी मराठी, इंग्लिश, गणित, सामाजिक शास्त्र आणि पेंटिंग घेतलं. पेंटिंगमधे १०० पैकी ७० मार्क प्रॅक्टिकलला! विज्ञान नाही घेतलं हे कळल्यावर काकांनी चार दिवस फोन केला नाही आणि पाचव्या दिवशी मालविका राज जोशीची बातमी फॉरवर्ड केली, ती मुंबईची मुलगी, सातवीत शाळा सोडली, इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या ऑलिम्पियाडमधे तीन पदकं आणि २०१६ ला थेट अमेरिकेतलं एमआयटी. छान आहे ओ काका, पण मला अजून बैजिक राशी धड सुटत नाहीत.

पहिला महिना बेक्कार गेला. आईने टाइमटेबल केलं, अकरा ते पाच, मोबाईलवर घंटा लावली, म्हणजे शाळा जशीच्या तशी घरी आणली फक्त पोरं वजा. आठव्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांमधे इतिहास समजावता समजावता तीच वैतागली. मग मी नुसती झोपले, खरंच, दोन आठवडे. होमस्कूलिंगवाले लोक सांगतात ना की पोरं भाजी घेता घेता गणित शिकतात, आमच्यात असलं काही झालं नाही, मी गणित गाइड आणि यूट्यूबवरूनच शिकले आणि भाजीचा हिशोब मावशीच माझ्यापेक्षा फास्ट करतात.

दुपारी काय करायचं हा मोठा प्रॉब्लेम होता. मग बाबांच्या ओळखीने सतारमेकर गल्लीत एका चाचांकडे जाऊन बसायला लागले. आधी पेंटिंगसाठी, तंबोऱ्यावरची नक्षी कॉपी करायला. पण बसले ती बसलेच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भले मोठे भोपळे टांगलेले असतात, खाली लाकडाचा भुसा, आणि चाचा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस मारत जवारी लावत असतात, म्हणजे तारेचा आवाज घुमेल असं घासतात, एक घासा मारायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. कान कामात असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा तिथे पेढे वाटले, बाकी दिवस तेच घासणं. चाचा कधीतरी विचारतात, "लागला का बेटा?" मी मान हलवते. कधी "न-न-नाही" म्हणते, तर ते माझं वाक्य पूर्ण करत नाहीत, परत तार छेडतात.

अडखळणं गेलं का? नाही गेलं. सांगलीला स्पीच थेरपीला जाते, तेही चालू आहे. आणि शाळेची आठवण येते का, तर येते, साडेबाराची सुट्टी, शेजारणीच्या डब्यातलं तिच्या आईचं लोणचं. वर्गाच्या ग्रुपवर मी अजून आहे पण आता त्यांचे जोक कळत नाहीत, 'आज टकल्याने काय केलं' वर पन्नास हसणारे इमोजी आणि मला टकल्या कोण हेच माहीत नाही, नवीन सर असणार.

यावर्षी एप्रिलमधे माझी पहिली परीक्षा झाली. सेंटर एका शाळेतच होतं, बाकावर कोणाकोणाची नावं कोरलेली, तोच खडूचा वास, आणि मला घाम. पण हजेरी कोणी घेतली नाही, कागद फिरला, आपापल्या नंबरपुढे सही करायची. माझ्या शेजारच्या बाकावर साधारण माझ्या आईच्या वयाच्या एक काकू होत्या, पदराला पेन लावलेलं, त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. पेपर यायच्या आधी शेवटी वाकून विचारलंच त्यांनी, "काय गं बाळ, तुला आज शाळा नाही व्हय?"

मी म्हणलं, "त-त-तुम्हाला?"

काकू एवढ्या हसल्या की सुपरवायझर ओरडले.