तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःचा सिनेमा कधी?

एकोणीस वर्षं सहायक दिग्दर्शनाचं काम करतेय, त्यातली अकरा फर्स्ट एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक म्हणून. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच: "ताई, स्वतःचा सिनेमा कधी?" नवे एडी विचारतात, नट विचारतात, ज्यांच्याबरोबर पाच-पाच सिनेमे केले ते कॅमेरामन विचारतात. विचारण्यात माया असते, ते कळतं मला. पण मी जे करते ती फक्त वाटेतली धर्मशाळा आहे, हेही त्यात धरूनच चाललेलं असतं. आजवर "बघू, लिहितेय काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचं नाव मात्र आता काढू नका. तो १९३६ मध्ये सहायक म्हणून लागला आणि १९४३ मध्ये त्याचा पहिला सिनेमा आला, हे मला पाठ झालंय, कारण दर वेळी कुणीतरी सांगतंच. हिचकॉकही आधी सहायकच होता, तेही ठाऊक आहे. पण अमेरिकेत फर्स्ट एडीची वाट बहुतेकदा दिग्दर्शनाकडे जातच नाही. तो पुढे प्रॉडक्शन मॅनेजर होतो, सिनेमाचा रोजचा खर्च सांभाळणारा लाइन प्रोड्यूसर होतो, नाहीतर शेवटपर्यंत फर्स्टच राहतो. १९३० च्या दशकात या कामाला पाच वर्षं ऑस्करही दिलं गेलं, पहिल्या वर्षी तर एकदम सात जणांना. पुढे बंद झालं ते झालंच. मोठेपणा मिरवायला हे सांगत नाही. हे एक पूर्ण काम आहे, त्याला स्वतःचं कसब लागतं, एवढंच म्हणणं आहे.

स्क्रिप्ट हातात आली की गोष्ट म्हणून मी ती एकदाच वाचते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पान आठ भागांत मोडते, कुठला सीन किती अष्टमांशांचा ते मांडते आणि लगेच त्या आकड्यांवर अविश्वास दाखवायला लागते. "पूल कोसळतो" ही एक ओळ. कागदावर एक अष्टमांश, प्रत्यक्षात तीन रात्री. दोघांचा चार पानी संवाद अर्ध्या दिवसात हातावेगळा होतो. दिग्दर्शकाला ज्या सीनची धास्ती आहे तो पहिल्या दिवशी लावायचा नाही, शेवटच्या दिवशी तर नाहीच. लहान मूल ताजं असेल तोवर त्याचे क्लोजअप उरकायचे. सूर्य बुडल्यावरचा निळा उजेड वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, त्यासाठी दुपारी तीनपासून माणसं हलवायला लागतात. सेटवर मागून चालणारी गर्दी माझी असते: छत्रीवाला कुठल्या शब्दावर वळेल, सायकल कधी सुटेल. आणि मग ती हाकांची साखळी. सायलेन्स. रोल साउंड. स्पीड. रोल कॅमेरा. रोलिंग. क्लॅप. त्यानंतरचा "अ‍ॅक्शन" दिग्दर्शकाचा. त्याच्या आधीचं सगळं माझं, आणि ते "सगळं" किती असतं हे मला एका रात्रीत कळलं.

फर्स्ट म्हणून माझा तिसरा सिनेमा. पावसाचा सीन, रात्रीचा. मुलगी घरातून धावत रस्त्यावर येते, जीप तिच्यासमोर करकचून थांबते. मुलीच्या जागी डुप्लिकेट होती, जीपवर स्टंट ड्रायव्हर. तालमी चार झाल्या, चारही कोरड्या रस्त्यावर. मग टँकर लागले, रेन मशीन सुरू झालं, एक पाइप फुटला, तो बदलण्यात पाऊण तास गेला. उजाडायला चाळीस मिनिटं उरली होती आणि ते लोकेशन दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हतं. ड्रायव्हर माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, पाणी चालू ठेवून एकदा मोकळी फेरी मारतो. ब्रेक कुठे लागतोय ते बघायला हवं." मी घड्याळ पाहिलं. फेरी, परत जागेवर येणं, सगळ्यांना पुन्हा लावणं: बारा-पंधरा मिनिटं. मी म्हटलं, "दादा, डायरेक्ट टेक घेऊ या. थोडा हळू घ्या."

"थोडा हळू घ्या." किती हळू, ते मी सांगितलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं.

दिग्दर्शक मॉनिटरपाशी काळ्या कापडाच्या आत होता. त्याने वॉकीवर विचारलं, "रेडी?" मी म्हटलं, "रेडी."

जीप घसरली. डुप्लिकेटला लागली नाही, ती चपळ होती, बाजूला झाली. रस्त्याच्या कडेला पावसाचा पाइप धरून एक मुलगा उभा होता, जेमतेम बाविशीचा. जीपचा मागचा भाग फिरला आणि त्याचा पाय जीप आणि लोखंडी स्टँडच्या मध्ये सापडला. मी "कट" ओरडले. ती हाक माझी नसते, पण ओरडले. पाणी मात्र पडतच राहिलं, कारण पाइप सोडून सगळे त्याच्याकडे धावले होते. त्या पाण्यात त्याचा आवाज नीट ऐकूच येत नव्हता.

त्याला दवाखान्यात पाठवून आम्ही पॅकअप केलं. व्हॅनमध्ये माझी सेकंड एडी दिवसाचा रिपोर्ट भरत होती. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, केसांतून अजून पाणी गळत होतं. तिने विचारलं, "शूट थांबल्याचं कारण काय लिहू?" मी म्हटलं, "तांत्रिक कारण." तिने पेन टेकवलं आणि लिहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हेच लिहू?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता. तिला खरंच माझ्याकडून शिकायचं होतं, की असं झालं की काय लिहितात.

मी कागद तिच्याकडून घेतला आणि लिहिलं: ओल्या रस्त्यावर तालीम न घेता टेक घेतला, एक जखमी, निर्णय माझा. खाली सही केली. पण माझ्या तोंडून आधी काय निघालं होतं ते तिने ऐकलं होतं आणि मीही.

मुलगा वाचला. पायात सळी बसली, चालतो, थोडा लंगडतो. मी भेटायला गेले तेव्हा मलाच धीर देत म्हणाला, "मॅडम, मी जरा मागे उभं राहायला हवं होतं." नाही. त्याची जागा मी ठरवली होती.

तेव्हापासून अशा बातम्या मी नावं बघून वाचते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात परवानगी नसताना रेल्वेपुलावर शूट केलं, गाडी आली आणि सारा जोन्स ही कॅमेरा असिस्टंट गेली. दिग्दर्शकाबरोबर फर्स्ट एडीही दोषी ठरली. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत तालमीच्या वेळी बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि हेलिना हचिन्स ही सिनेमॅटोग्राफर गेली. तिथल्या फर्स्ट एडीलाही २०२३ मध्ये शिक्षा झाली. लोकांना हे फर्स्ट एडी नियम न पाळणारे बेफिकीर वाटतात. मला त्या सकाळचं त्यांचं घड्याळ दिसतं.

म्हणून गेली काही वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आले: दिग्दर्शकाची नजर मॉनिटरवर असते आणि तशीच असायला हवी. कडेला पाइप धरून उभ्या असलेल्या मुलाकडे बघणारं कुणीतरी लागतं, आणि "नाही" म्हणायचा अधिकार असलेलं लागतं. ते मी. मला वर चढायचं नाही, मी माझ्या जागी आहे. हे उत्तर मला पटतं. सकाळी जास्त पटतं, रात्री कमी.

कारण तेविशीतली मी मध्येच विचारते: मग कपाटातली ती स्क्रिप्ट कुणाची? सात ड्राफ्ट झालेत. एकदा एका निर्मात्याला आवडलीही होती, मीच पुढे फोन केला नाही. मी तिला म्हणते, तुला सेट माहीत नाही, तुला फक्त "अ‍ॅक्शन" म्हणायची हौस आहे. ती म्हणते, तू त्या मुलाच्या पायामागे लपतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. हेही खरं असेल. दोन्ही खरं असेल.

हा प्रश्न गेल्या महिन्यात पुन्हा विचारला तो त्याच सेकंड एडीने. ती आता तिचा पहिला सिनेमा करतेय, स्वतः लिहिलेला, आणि तिने मला फर्स्ट म्हणून बोलावलंय. मी लगेच हो म्हटलं. तिच्या स्क्रिप्टचं ब्रेकडाउन करतेय, सीन मोडून दिवस-रात्री लावतेय. सीन एकतीसमध्ये पाऊस आहे, चढण आहे आणि उलटा येणारा टेम्पो आहे. मी त्याच्यासाठी एक अख्खी रात्र फक्त तालमीची लावली, पाणी चालू ठेवून. काल तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, एक रात्र वाढतेय. अर्ध्या रात्रीत बसवता येईल का?"

तिने प्रामाणिकपणे विचारलंय, बजेट तिला सांभाळायचंय. कदाचित अर्ध्या रात्रीत बसेलही. मी ड्रायव्हरशी बोलून सांगते म्हटलंय.