कॅनडाचा पीआर टिकवण्यासाठी पुणे ते टोरोंटो: चौघांचे चार हिशोब

"कार्डावर ऑक्टोबर २०२७ छापलंय ना, मग तोपर्यंत कधीही जा." पुण्यातल्या एका सल्लागाराचं हे वाक्य साफ चुकीचं आहे आणि त्यावर विसंबून शेकडो घरं आपला पीआर (परमनंट रेसिडेन्स, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा दर्जा) धोक्यात घालतात. आमची तिकिटंही या वाक्यामुळे जवळजवळ उशिराची निघाली होती. पुणे-टोरोंटो प्रवासात विमानाचे तास सोपे असतात. अवघड असतो तो दिवसांचा हिशोब आणि टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावरची सेकंडरीची, म्हणजे जादा चौकशीची, खोली. म्हणून इथे बहुतेक तेवढंच लिहिलं आहे. सामान, जेवण आणि जेट लॅगचं प्रत्येकाने आपापलं बघावं.

नियम असा: कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात प्रत्यक्ष हजर राहायचं. ते सलग असायची गरज नाही. दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात, त्यामुळे रात्री ११:४० ला उतरलात तरी तो दिवस तुमचा आणि रात्रीच्या विमानाने निघालात तरी तोही तुमचा. मात्र पहिली पाच वर्षं मोजायची ती लँडिंगच्या (पीआर म्हणून दाखल झाल्याच्या) तारखेपासून, म्हणजे कन्फर्मेशन ऑफ परमनंट रेसिडेन्सवर जी तारीख आहे तिथून. कार्ड नंतर छापून येतं, म्हणून त्याची मुदत नंतर संपते. कार्डाचा उपयोग विमानात बसण्यापुरता. ते संपलं म्हणून पीआर जात नाही आणि ते वैध आहे म्हणून पीआर सुरक्षितही राहत नाही.

एक हिशोब तारखांनिशी मांडतो. लँडिंग १० ऑगस्ट २०२२. बारा दिवस राहून कुटुंब २१ ऑगस्टला रात्री परत निघालं, म्हणजे १२ दिवस जमा. पहिली पाच वर्षं ९ ऑगस्ट २०२७ ला संपतात. उरलेले ७१८ दिवस त्या तारखेपासून मागे मोजा, उत्तर येतं २२ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी कॅनडात पाय ठेवलाच पाहिजे आणि त्यानंतर दोन वर्षं एकही दिवस बाहेर जाता येणार नाही. लग्न नाही, आजारपण नाही, गणपतीला घरी येणं नाही. ऑक्टोबर २०२७ ची गोष्ट कुठे आणि हे कुठे! आमचा स्पष्ट सल्ला: या शेवटच्या तारखेच्या किमान चार-पाच महिने आधी पोहोचा. या उदाहरणात लँडिंगपासून बाहेरचे दिवस १,०९६ च्या पुढे गेले की पहिल्या पाच वर्षांत ७३० भरणं गणितानेच अशक्य होतं, आणि हे अधिकाऱ्याला स्क्रीनवर लगेच दिसतं.

पाच वर्षं उलटली की सुटका होते, हाही गैरसमज आहे. त्यानंतर ज्या दिवशी तपासणी होईल त्या दिवसापासून मागची पाच वर्षं बघतात. खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते आणि जुने दिवस मागून गळतात. नागरिकत्वाला लागणारे १,०९५ दिवस हा वेगळा आकडा आहे, त्याची यात भेसळ नको.

आता कुटुंबाचं. कुटुंबाचा एकत्र हिशोब नसतो. नवरा, बायको आणि प्रत्येक मूल यांचं स्वतंत्र खातं असतं. नवरा आधी जाऊन नोकरी शोधतो आणि बायको-मुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत पुण्यात थांबतात. अशा घरात त्याचे दिवस भरतात आणि तिचे कमी पडतात. बाहेर राहूनही दिवस धरले जातात ते मोजक्या स्थितीत: जोडीदार कॅनडाचा नागरिक असेल आणि तुम्ही त्याच्यासोबत राहत असाल, किंवा मूल आपल्या नागरिक आईवडिलांसोबत असेल. हे उलटं चालत नाही. मूल टोरोंटोत जन्मलं म्हणून ते नागरिक, पण त्याच्यासोबत कोथरूडला राहिलेल्या आईवडिलांचा एकही दिवस मोजला जात नाही. ही चूक फार जण करतात.

नोकरीच्या सवलतीबद्दलही भाबडेपणा नको. कॅनडात खरोखर व्यवसाय चालवणाऱ्या कंपनीने तुम्हाला पूर्णवेळ कामावर ठेवून भारतात नेमलं असेल तरच ते दिवस धरतात, आणि कामानंतर परत कॅनडात घेणार आहेत हे दाखवावं लागतं. हिंजवडीत स्थानिक भरती झालेल्याला, मालक कंपनी कॅनडाची असली तरी, यावर विसंबता येत नाही. केवळ दिवस भरण्यासाठी काढलेली कागदी कंपनी तर नियमातच बाद आहे.

सगळ्यात कडवट सापळा म्हणजे लँडिंगनंतर भारतात जन्मलेलं बाळ. ते आपोआप पीआर होत नाही. त्याला स्पॉन्सर करावं लागतं, आणि पीआर असलेला पालक स्पॉन्सर करतो तेव्हा तो कॅनडात राहत असावा लागतो. म्हणजे बाळाला व्हिजिटर व्हिसा काढून सोबत न्या, नाहीतर एक पालक मागे ठेवा. तिकीट काढण्याआधी हे सोडवा.

मुंबई विमानतळावर काउंटरवरचा माणूस चारही कार्डं उलटसुलट करून मुदत बघतो. एकाचं जरी संपलेलं असलं तरी त्याला बसू देत नाहीत, आणि पीआर असताना व्हिजिटर व्हिसा काढून जाण्याची पळवाट नाही. प्रत्येकाचं कार्ड घरूनच तपासून निघा. भारतीय इमिग्रेशनचा शिक्का ठळक उठलाय ना, तिथेच बघा. पुसट असेल तर दुसरा मागा. ई-गेटने गेलात तर शिक्काच नसतो, म्हणून बोर्डिंग पासचे फोटो आणि ई-तिकिटं जपून ठेवा.

टोरोंटोला मशीनवर डिक्लरेशन होतं. ७२ तास आधीपर्यंत ते अॅपवर भरता येतं, भरून ठेवा. पुढे सीबीएसएचा (कॅनडाच्या सीमा तपासणी खात्याचा) अधिकारी विचारतो, "किती दिवस बाहेर होता?" इथे "साधारण दोन-अडीच वर्षं" असं उत्तर देऊ नका. आकडा सांगा. चौघांचे आकडे एका कागदावर, मोठ्या अक्षरात आणि पासपोर्टच्या क्रमाने लिहिलेले असू द्या. ढोबळ उत्तर दिलं की पासपोर्ट पिवळ्या चिठ्ठीसकट बाजूला जातात आणि तुम्ही सेकंडरीत.

त्या खोलीत आम्ही दोन तास दहा मिनिटं होतो. वीस-बावीस तासांचा प्रवास झालेला, मुलं खुर्चीत आडवी, फोन वापरायला मनाई आणि नंबर पुकारण्याचा काही नेम नाही. अधिकारी पुन्हा पुन्हा तेच विचारतो: का गेलात, इतके दिवस का राहिलात, आता कुठे राहणार, काम काय, परतीचं तिकीट आहे का? परतीचं तिकीट काढलेलं असेल तर राहायला आलोय हे पटवणं जड जातं. एकेरी तिकीट, भाड्याच्या घराचा करार किंवा निदान पहिल्या महिन्याचं बुकिंग, नोकरीचं पत्र किंवा मुलाखतींच्या ईमेल, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, हे सगळं एका फाइलमध्ये हातात हवं. चेक-इन बॅगेत गेलेला कागद तिथे शून्य कामाचा. बोलणारा एकच ठेवा. नवराबायकोनी वेगळ्या तारखा सांगितल्या की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दिवस कमी असतील आणि कारण खरं असेल, तर ते तिथेच सांगा. कायद्यात मानवी कारणांचा विचार करायची तरतूद आहे आणि त्यात मुलांचं हितही येतं. पण "आई आजारी होती" एवढं पुरत नाही. दवाखान्यात दाखल केल्याच्या आणि डिस्चार्जच्या तारखा, इतर भावंडं का बघू शकली नाहीत, आई बरी झाल्यावर किंवा गेल्यावर किती दिवसांत निघालात, हे कागदांनिशी दाखवावं लागतं. मधे सहा महिने नुसतेच गेले असतील तर बोट नेमकं तिथे ठेवतात.

अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तर तो इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४४ खाली अहवाल लिहितो आणि वरिष्ठ अधिकारी त्यावर डिपार्चर ऑर्डर, म्हणजे देश सोडण्याचा आदेश, काढू शकतो. तेव्हा घाबरून जाऊ नका. त्या क्षणी पीआर जात नाही. अपिलाला ३० दिवस मिळतात आणि अपील चालू असेपर्यंत तुम्ही पीआरच असता. मात्र अहवालानंतरचे दिवस ७३० मध्ये धरत नाहीत, त्यामुळे आता बसून दिवस भरू हा मार्ग बंद होतो. स्वेच्छेने पीआर सोडण्याचा फॉर्म पुढे आला तर थकव्यात सही करू नका. "विचार करून सांगतो" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

अहवाल न लिहिता सोडलं, तर तो मोठा दिलासा असतो. आम्ही बाहेर पडून टॅक्सीच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा थंडीसुद्धा गोड लागली. पण दिवस कमी असताना लगेच नव्या कार्डाचा अर्ज करू नका. अर्ज केला की हिशोब पुन्हा उघडतो. दोन वर्षं शांतपणे राहा, ७३० भरा, मग अर्ज करा. तोवर कॅनडाबाहेर विमानप्रवास नको.

कार्ड भारतात असतानाच संपलं तर पीआरटीडी (वैध कार्ड नसलेल्या पीआरला परत येण्यासाठी मिळणारा प्रवासाचा कागद) हा रस्ता, फी ५० डॉलर. पण त्या अर्जातही हिशोब तपासतात, आणि नकार आला तर अपिलाला ६० दिवस. दुसरा रस्ता अमेरिकेतून: चौघांकडे अमेरिकेचा व्हिसा असेल तर बफेलोपर्यंत विमान आणि तिथून खासगी गाडीने पीस ब्रिजवरून आत. पीआरला सीमेवर प्रवेशाचा हक्क आहे, खासगी गाडीला पीआर कार्डाची अट नाही. जुनं कार्ड आणि लँडिंगचा कागद जवळ ठेवा. बस किंवा रेल्वेने हे जमत नाही. अमेरिकेतली भाड्याची गाडी कॅनडात सोडायला कंपन्या सहसा नकार देतात किंवा जबर पैसे लावतात, म्हणून टोरोंटोचा कोणी ओळखीचा स्वतःच्या गाडीने न्यायला आला तर उत्तम. अंतर साधारण १६० किलोमीटर. प्रश्न मात्र सीमेवरही तेच विचारतात.

पोहोचल्यावरचे पहिले महिने कागद जमवण्याचे. त्यात घरातल्या बाईच्या नावावर काहीच नसणं हे सर्रास होतं. पगार, बँक, वीजबिल, गाडी, सगळं नवऱ्याचं, आणि पाच वर्षांनी तिने आपण इथेच होतो हे कशावरून सांगायचं? भाडेकरारात दोघांची नावं घाला. बँकेत जोड खातं काढा. तिचं उत्पन्न शून्य असलं तरी टॅक्स रिटर्न भरा. त्याची नोटीस ऑफ असेसमेंट (रिटर्न तपासून कर खातं पाठवतं ते पत्र) कामी येते आणि मुलांच्या भत्त्यालाही दोघांचं रिटर्न लागतं. हेल्थ कार्ड, फॅमिली डॉक्टरच्या भेटी, लायब्ररी कार्ड, इंग्रजीच्या वर्गांची हजेरी, सगळं ठेवा. मुलांसाठी शाळेचं प्रगतिपुस्तक पुरतं, कारण त्यात गैरहजेरीसुद्धा लिहिलेली असते.

दागिन्यांबद्दल एक गोष्ट पहिल्या लँडिंगलाच करायची असते. नंतर येणाऱ्या सामानाची यादी तेव्हाच द्यायची, सोन्याचे फोटो आणि किमतीसह. तेव्हा राहून गेलं असेल तर आता मंगळसूत्रापलीकडचं सोनं आणताना कस्टमला आपणहून सांगा. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोकडही जाहीर करावीच लागते.

पैशांचं शेवटी. कार्ड नूतनीकरणाची सरकारी फी माणशी ५० डॉलर, चौघांचे २००, अर्ज ऑनलाइन. त्यासाठी लाखाच्या घरात आकडे सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा. सल्ला खरंच हवा असेल तर परवाना असलेल्याचंच नाव सल्लागारांच्या कॉलेजच्या, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, जाहीर नोंदवहीत शोधा. कॅनडातला पत्ता वापरायला देतो, शिक्क्यांचं बघतो, असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. ब्रिटिश कोलंबियात असेच खोटे शिक्के आणि पत्ते पुरवणाऱ्या एका विनापरवाना सल्लागाराला २०१५ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच्या शेकडो गिऱ्हाइकांच्या फायली उघडल्या गेल्या. आता निघण्याच्या नोंदीही कॅनडाकडे जमतात, २०२० च्या जूनपासून विमानाच्यासुद्धा. तुमची वही आणि त्यांची नोंद यात फरक दिसला तर सीबीएसएकडे प्रवासाच्या नोंदी मागा आणि अर्ज त्यांच्याशी जुळवून घेतल्यावरच पाठवा. नवं कार्ड कॅनडातल्याच पत्त्यावर पोस्टाने येतं, म्हणून ते हाती येईपर्यंत डिसेंबरचं भारताचं तिकीट काढू नका.