निवृत्तीचे पैसे आणि बँकेतला तो जोखमीचा फॉर्म

वागळे इस्टेटमधली नोकरी संपवून मी ५८व्या वर्षी निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी वेळेवर जमा झाली. साठीच्या आत असाल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवायला निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीनच महिने असतात. म्हणून घोडबंदर रोडवरच्या माझ्या बँकेत गेले.

खातं उघडायचं राहिलं बाजूला, आधी रिस्क प्रोफाइलचा, म्हणजे मला किती जोखीम झेपेल हे ठरवणारा फॉर्म पुढे आला. उत्पन्न किती, म्युच्युअल फंडांचा अनुभव किती, गुंतवणूक २० टक्के पडली तर विकाल, थांबाल की आणखी घ्याल? २००८ आणि २०२० मध्ये बाजार कोसळला, तेव्हा दोन्ही वेळा मी एसआयपी (फंडात दरमहा ठराविक रक्कम भरणं) चालू ठेवली होती. 'आणखी घेईन' वर खूण केली. निकाल: 'आक्रमक', म्हणजे जास्त जोखीम झेपणारी.

"मॅडम, स्कोअर मस्त आहे. सत्तर टक्के इक्विटीत, म्हणजे शेअर्सच्या फंडांत टाकू," बँकेतले अधिकारी म्हणाले.

माझ्या २६ वर्षांच्या मुलीने तिथेच हा फॉर्म भरला होता. तिचाही निकाल 'आक्रमक'. पुढच्या खेपेला दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे पैसे कधी लागणार, हा प्रश्न यात कुठे आहे?"

"सिस्टीममध्ये तसा कॉलम नाही, मॅडम."

मला या उत्तराची चीड आहे. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली होता. परत तिथे यायला २०१० उजाडलं. तेव्हा माझा पगार चालू होता, पडलेल्या भावात फंडाचे युनिट (हिस्से) मिळत गेले. आता बाजार तसा पडला तर त्याच भावात घरखर्चासाठी युनिट विकावे लागतील, आणि विकलेले युनिट बाजार वर आला तरी परत येत नाहीत. माझी हिंमत तीच आहे, पगार नाही. म्हणून बचत योजनेचंच खातं उघडा, असं मी बँकेत सांगत राहिले, पण प्रत्येक वेळी नवं कारण: संबंधित माणूस रजेवर, दाखल्याचा नमुना चालत नाही, "एकदा परत विचार करा ना." इकडे मुदत सरत होती.

शेवटी ठाण्यातल्या पोस्टात गेले, तिथे काम झालं. व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात. साठीच्या आत असाल तर निवृत्तीच्या तारखेचा आणि मिळालेल्या रकमेचा कंपनीचा दाखला आधीच काढून ठेवा. एक लाखाच्या वर चेकच लागतो. मर्यादा ३० लाखांची, पण साठीच्या आत निवृत्तीच्या रकमेपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि हो, सगळे पैसे यात अडकवू नका. वर्षाच्या आत खातं मोडलं तर मिळालेलं व्याज परत कापून घेतात.

जुने इक्विटी फंड मी मोडलेले नाहीत. ते सत्तरीनंतरचे पैसे आहेत, त्यांना चढउतार सोसायला वेळ आहे. मुलीची एसआयपीही जोरात चालू आहे. पण कळव्यातल्या घरासाठी पुढच्या वर्षी भरायची रक्कम तिने, 'आक्रमक' असूनही, एफडीत ठेवली आहे.