ईडनवरची ती रात्र

१३ मार्च १९९६. विश्वचषकाची उपांत्य फेरी, ईडन गार्डन्स. आमच्या चाळीतल्या काकूंच्या टीव्हीसमोर आम्ही वीसेक जण दाटीवाटीनं बसलो होतो.

श्रीलंकेच्या २५१ धावांसमोर आपण १ बाद ९८. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि बघता बघता ८ बाद १२०. मग मैदानात बाटल्या पडू लागल्या, स्टँडमध्ये जाळ दिसला. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉईड यांनी खेळाडूंना आत नेलं, थोड्या वेळानं पुन्हा खेळवायचा प्रयत्न केला, शेवटी सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी १० वर नाबाद होता. तो रडत परतला.

पण मला जास्त आठवते ती आमची खोली. पहिली बाटली पडली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "टाका अजून!" आणि मीही ओरडलो. चौदा वर्षांचा होतो. श्रीलंकेचा अरविंद डिसिल्वा काय सुंदर खेळला होता त्या दिवशी! पण त्याचं नावही कुणी काढलं नाही. एकटा असतो तर मी नक्की गप्प बसलो असतो.

काकूंनी न बोलता टीव्ही बंद केला.