गौरींचा पेटारा

गणपती बसून दोन दिवस झाले होते. वाईच्या एका जुन्या वाड्यातून सकाळीच फोन आला. "चावीवाले ना? आमच्या पेटाऱ्यात किल्ली मोडलीय हो. आणि गौरींचे मुखवटे आतच आहेत." उद्या अनुराधा नक्षत्रावर गौरी यायच्या. हातातलं काम तसंच टाकून निघालो.

पेटारा माजघरात होता. सागवानी, साडेतीन फूट लांब, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. काकूंचे चिरंजीव शेजाऱ्यांचा ग्राइंडर घेऊन तयारच उभे. कोयंडा कापला की काम झालं, असं त्यांचं म्हणणं. काकू पेटाऱ्याला हात लावून उभ्या होत्या. "माझ्या आजेसासूबाईंचा आहे हा. कापायचा नाही." मी म्हटलं, "दादा, मला दुपारपर्यंत वेळ द्या." ग्राइंडरनं दोन मिनिटांत भागलं असतं, खरंय. पण कापलेला कोयंडा आणि त्याच्याभोवतीचं जळालेलं लाकूड मागाहून कुणालाच पूर्ववत करता येत नाही.

कुलूप लटकणारं नव्हतं, लाकडात बसवलेलं होतं. झाकणाचा कोयंडा वरून खाचेत उतरतो आणि आतली जीभ सरकून त्याच्या भोकात शिरते. किल्ली पोकळ नळीची. कुलपात मधोमध एक पिन असते, तिच्यावर ही नळी बसते आणि मग फिरते. नळीचा पुढचा अर्धा इंच दातासकट आतच राहिला होता, पिनेवर टोपीसारखा. त्यातून किल्ली अर्धी फिरलेली असताना मोडलेली, त्यामुळे दात आडवा. दात किल्लीच्या भोकाशी सरळ आल्याशिवाय तुकडा बाहेर निघूच शकत नाही. ओढाल तर पिन वाकेल, आणि पिन वाकली की कुलूप गेलं.

टॉर्च धरून आत पाहिलं तर काळपट चिकट थर. "तेल कुठलं घालता?" "खोबरेल. दरवर्षी घालतो, जड फिरते म्हणून." ही घरोघरची सवय आणि कितीतरी कुलपं हिच्यानंच जातात. खोबरेल थंडीत थिजतं, धूळ धरून ठेवतं आणि जिभेला अडवून धरणाऱ्या खटक्याची स्प्रिंग हळूहळू लेपाखाली दबते. ड्रॉपरनं रॉकेलचे चार-पाच थेंब सोडले, थांबलो, पुन्हा सोडले. काळं पाणी ओघळायला लागलं. मग सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा केला आणि दाताला मागून टेकवून केसभर-केसभर मागे ढकलत राहिलो. बोटांना जाणवतं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी या कामात डोळे मिटतो. पाऊण तासानं दात सरळ झाला. बारीक चिमट्यानं तुकडा बाहेर आला तेव्हा काकूंनी तो पदरावरच घेतला.

माझ्या जुन्या किल्ल्यांच्या डब्यात त्याच मापाच्या नळीची एक किल्ली निघाली, दात जरा रुंद. तुकडा समोर ठेवून कानशीनं उतरवत नेला. लावली. फिरायला लागली आणि अर्ध्यात अडली. नेमकी तिथंच जिथं जुनी मोडली होती.

आता जोर केला असता तर हीसुद्धा मोडली असती. खटका उचलला जात होता, स्प्रिंग मोकळी होती. मग जीभ का सरकेना? झाकणाच्या कडेला नख लावून पाहिलं. कोयंडा वर ओढल्यासारखा ताणलेला.

"काकू, मागच्या वर्षी बंद करताना काही जास्तीचं ठेवलं का?"

त्या आठवायला लागल्या. "दोन नव्या रजया ठेवल्या वरती. झाकण लागेना, मग दोघी नाती बसल्या वर."

हेच होतं. रजयांनी झाकण वर्षभर खालून रेटून धरलेलं, त्यात पावसाळ्यात लाकूड फुगलेलं, आणि तो सगळा ताण कोयंड्यातून जिभेवर. कुलूप बिघडलेलंच नव्हतं. किल्ली बिचारी त्या ताणाविरुद्ध फिरवता फिरवता मोडली.

"नाती आहेत का घरात?"

दोघी आल्या, झाकणावर बसल्या. मी किल्लीला नुसतं दोन बोटांनी धरलं. खट्. इतका हलका आवाज की मलाच आधी खरं वाटेना. मुली उतरल्या तसं झाकण आपसूक बोटभर वर आलं.

रजया काढल्या. खाली जुन्या नऊवारीत गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे, जरा काळवंडलेले. काकूंनी दोन्ही उराशी धरले आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

कुलपात तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड घालायला सांगितलं, रजयांना दुसरी जागा करायला सांगितलं. मग ओसरीवर बसून दुसरी किल्ली कानसायला घेतली, एक घरात आणि एक देवघरात राहावी म्हणून. आत काकू मुखवटे उजळायला चिंच भिजत घालत होत्या.