मशीनचे पैसे

२०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस उत्तर कोकणातील एका डोंगराळ तालुक्यात आम्ही चार साधन व्यक्ती, म्हणजे या तपासणीसाठी प्रशिक्षण घेतलेल्या बाया-माणसे, रोजगार हमीच्या कामांच्या सामाजिक अंकेक्षणासाठी, म्हणजे कामांचा हिशेब गावासमोर तपासण्यासाठी, गेलो होतो. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण जिच्यामुळे तो दिवस माझ्या लक्षात राहिला त्या बाईला त्याच गावात राहायचे आहे आणि त्याच कार्यालयात पुन्हा काम मागायला जायचे आहे.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याचे कलम १७ ग्रामसभेला कामांवर देखरेख ठेवण्याचा आणि त्यांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार देत होते. २०११ च्या नियमांप्रमाणे हे अंकेक्षण सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावे लागे आणि कागदपत्रे सभेच्या पंधरा दिवस आधी अंकेक्षण करणाऱ्यांच्या हाती पडावी लागत. आम्हाला ती सभेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी मिळाली. रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि मंजुरीचे आदेश लावून घेतले, आणि सकाळी फीत घेऊन गावतळ्यावर गेलो.

तळ्याच्या मापात फरक निघाला नाही. लांबी, रुंदी, खोली सारे मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळत होते, मजुरी मजुरांच्या बँक खात्यांत जमा झाली होती आणि देयकांवर सगळ्या सह्या होत्या. केवळ दप्तर तपासणारा लेखापरीक्षक या कामावर एकही आक्षेप न घेता पुढे गेला असता, असे मला आजही वाटते. आम्ही थांबलो ते तळ्याच्या उत्तरेच्या भिंतीपाशी. तिथल्या कठीण मुरुमात वरपासून खालपर्यंत सारख्या अंतराने समांतर ओरखडे होते, आणि कुदळीने तसे ओरखडे उठत नाहीत, ते खोदाई यंत्राच्या दातांनी उठतात. जानेवारी २०२३ पासून हजेरीचे छायाचित्र दिवसातून दोनदा मोबाइलवरून पाठवणे वैयक्तिक लाभाची कामे सोडून इतर सर्व कामांवर सक्तीचे झाले होते. तळ्याच्या कामाच्या छायाचित्रांत सहाही दिवस तेच सहा चेहरे होते आणि हजेरीपटावर नावे दहा होती.

दुपारी आम्ही पाड्यांवर घरोघर फिरलो. ज्या बाईविषयी मी लिहीत आहे तिने दारातच सांगितले की तळ्यावर काम केले आणि पैसेही मिळाले. इतर तिघींनीही शब्दाशब्दाने तेच सांगितले. त्या खोटे बोलत आहेत हे मला दिसत होते, पण त्यांच्यावर दबाव आणण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. मी उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा भरली. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पंचायतीशी किंवा कामाशी संबंध नसलेल्या एका वयोवृद्ध ग्रामस्थाला अध्यक्ष केले. राजस्थानात, तेव्हा पाली जिल्ह्यात असलेल्या कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचण्याची रीत पडली. प्रशिक्षणात हे ऐकले होते, पण केवळ वाचून दाखवल्याने एवढे काय बदलते हे मला तोवर उमगले नव्हते. मी तळ्याचा हजेरीपट वाचू लागले: नाव, पाडा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हजेरी सहा दिवस, दर २५६ रुपये, मजुरी १,५३६ रुपये.

मागच्या रांगेतून त्या बाईने रक्कम पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. तिने तिसऱ्यांदा विचारले, आणि मग उभी राहून ती म्हणाली की आपल्याला दोनशे रुपये मिळाले. त्या आठवड्यात ती नवऱ्यासोबत वीटभट्टीवर होती आणि होळीला घरी आली तेव्हा तिला सेवा केंद्रावर नेऊन अंगठा लावायला सांगितले होते. खात्यात किती रक्कम आली हे तिला कोणी सांगितले नाही, फक्त एवढेच सांगितले की हे मशीनचे पैसे आहेत, ते परत द्यायचे असतात.

पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले की अशा तक्रारी झाल्या तर गावात काम येणे बंद होईल. आदल्या दिवशी चौघींनी मला ते उत्तर का दिले होते, हे त्या एका वाक्यात उघड झाले. तरीही सभा संपेपर्यंत आणखी तिघींनी उठून आपापली रक्कम विचारली.

मग ग्रामरोजगार सेवक, म्हणजे गावात रोजगार हमीची हजेरी आणि नोंदी ठेवणारा माणूस, बोलला. तो त्याच गावचा तरुण होता आणि त्याचे मानधन मजुरीवरच्या खर्चाच्या टक्केवारीने ठरत असे. मार्चअखेरपर्यंत तळे पुरे करायचे होते, दिवाळीनंतर बहुतेक जोडपी उचल घेऊन भट्ट्यांवर गेली होती, यंत्र आणले तर त्याचे भाडे खर्चाच्या कोणत्याच बाबीतून देता येत नव्हते, म्हणून ते मजुरीतून निघावे यासाठी सांगितल्याप्रमाणे नावे भरली, असे त्याने कबूल केले. लोक भट्टीवर का गेले, असे अध्यक्षांनी विचारले. उत्तर असे निघाले की बायकांनी आदल्या ऑक्टोबरमध्ये काम मागितले होते, पण मागणीची पोच कोणालाही मिळाली नव्हती आणि काम उघडले ते थेट जानेवारीत. अधिकारी खर्चाचा हिशेब देत होते, पण काम मागणाऱ्यांना वेळेवर उत्तर दिल्याचा एकही कागद दप्तरात नव्हता, आणि मला तो दोष यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

संध्याकाळी इतिवृत्त वाचले गेले तेव्हा त्यात ‘तळ्याच्या कामात काही त्रुटी आढळून आल्या’ असे एक वाक्य होते. अध्यक्षांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावले आणि विचारले, “यात बाई काय बोलली ते कुठे आहे?” ते खोडून तिचे म्हणणे, दोनशे आणि १,५३६ हे दोन्ही आकडे आणि ‘मशीनचे पैसे’ हे शब्द लिहीपर्यंत त्यांनी अंगठा दिला नाही. मी इतकी वर्षे अहवाल लिहीत आले आहे, तरी ते वाक्य ऐकताना मला त्यात काही खटकले नव्हते.

तालुक्याच्या सुनावणीत वसुलीचा आदेश झाला तो ग्रामरोजगार सेवकाच्या नावे. मोजमाप नोंदवणाऱ्याला, मंजुरीवर सह्या करणाऱ्यांना आणि यंत्राच्या मालकाला एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी लेखी हरकत घेतली आणि तिचे उत्तर आजतागायत आलेले नाही. अंकेक्षण करणाऱ्यांच्या हाती कारवाईचा अधिकार नाही हे मला मान्य आहे, पण ज्यांच्या हाती तो आहे त्यांनी सर्वांत खालच्या माणसावर थांबावे, हे मान्य करता येत नाही.

सभेनंतरच्या ऑक्टोबरमध्ये तीन पाड्यांवरच्या एकवीस बायकांनी कामाच्या मागणीचा नमुना ४ एकत्र भरून दिला. मिळालेल्या पोचपावतीवर तारीख नव्हती, म्हणून त्यांनी ती परत केली आणि तारीख घालून घेतली. कायद्याने पंधरा दिवसांत काम द्यायला हवे होते, ते विसाव्या दिवशी सुरू झाले. पहिल्या तीस दिवसांसाठी बेरोजगार भत्ता तेव्हा किमान पाव मजुरीचा असे, म्हणजे उशिराच्या चार दिवसांसाठी प्रत्येकीला एका दिवसाच्या मजुरीएवढे, त्या वर्षीच्या दराने २७३ रुपये मिळायला हवे होते. ती बाई त्या वर्षी भट्टीवर गेली नाही. भत्त्याच्या अर्जावर पहिला अंगठा तिचा आहे.